पाठ केलेलं जेवण

मी नोकरीत नक्की काय करते, हे माझ्या माहेरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दवाखान्यात आहे म्हटल्यावर नर्स असणार, नर्स नाही तर निदान औषधं देणारी असणार, असं ते धरून चालायचे. "पोरांना काल काय खाल्लं ते विचारते," असं सांगितलं की हसू यायचं त्यांना. त्याचा पगार मिळतो? मिळायचा, वेळेवर नाही, पण मिळायचा.

बीड जिल्ह्यात, माजलगावच्या बाजूला, एका सरकारी ग्रामीण रुग्णालयात मी किशोरवयीन मुलामुलींची आहार समुपदेशक होते. आठवड्यातले काही दिवस दवाखान्यात बसायचं आणि बाकीचे दिवस आसपासच्या शाळांत जायचं. बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं, वजन-उंची घ्यायची आणि मग प्रत्येकाला शेजारी बसवून कालचा दिवस आठवायला लावायचा. या वयाच्या मुलांनी दिवसभरात काय खावं, याच्या केंद्राच्या शिफारशी आहेत. ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळं, उरलेल्यात भाकरी-पोळी-भात आणि डाळ, उसळ किंवा अंडं. सोबत दूध, मूठभर शेंगदाणे. साखर, मीठ, तेल हात राखून. मुलाने सांगितलेलं जेवण या ताटाशेजारी ठेवून बघायचं आणि कुठे काय कमी पडतं ते त्याला समजेल असं सांगायचं, हे माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं. पण कालचं जेवण कोणालाच धड आठवत नाही. वाचणाऱ्याने स्वतः करून बघावं. म्हणून विचारायची एक रीत असते. "नाश्ता केला का?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की मूल समजतं, करायला हवा होता, आणि हो म्हणतं. "उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?" असं विचारायचं. मग कुठे होतास, कोण सोबत होतं, मग काय झालं, असं दिवसाच्या मागे मागे जायचं. माझ्या पिशवीत वेगवेगळ्या मापाच्या वाट्या आणि पळ्या असायच्या. "एक वाटी भाजी" म्हणजे कुठली वाटी, ते मुलाने बोट लावून दाखवायचं. आठवडी बाजाराचा दुसरा दिवस किंवा सणाचा दुसरा दिवस चौकशीला धरायचा नाही, कारण त्या दिवशी घरात मटण शिजलेलं असतं आणि सगळं घर एका दिवसापुरतं सुखी असतं.

मुलगे जरा वाढवून सांगत आणि मुली कमी करून. मुली जे उभ्याउभ्या खात, तव्यावरचा तुकडा, भांड्याच्या बुडाशी उरलेलं कालवण, ते त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच. दूध कोण पितं असं विचारलं की बहुतेक मुली भावाचं नाव घ्यायच्या, तेही तक्रारीच्या सुरात नाही. आणि बहुतेक घरांतलं दूध डेअरीला जायचं, चहापुरतं मागे राहायचं.

अडचण फक्त गरिबाघरीच होती असं नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या एका मोठ्या घरचा मुलगा तपासणीत आला. वडील गावचं राजकारण बघणारे. मुलगा अंगाने भरलेला, पण रक्त कमी. दुसऱ्या दिवशी वडील दोन माणसं घेऊन दवाखान्यात हजर.

"आमच्या दारात सात म्हशी हायेत मॅडम. आमच्या पोराला रक्त कमी? तुमची मशीन बिघडली आसंल."

मी म्हटलं, "बघू या. तुमचा हात द्या."

त्यांनी दिला. त्यांचं रक्त उत्तम होतं. सोबतच्या दोघांचंही. मग मी मुलाला बाहेर बसवून वडिलांना त्याचा कालचा दिवस सांगितला. सकाळी काही नाही, शाळेच्या वाटेवर थंड पेय आणि पाकिटं, संध्याकाळी चौकातल्या गाड्यावर लाल रंगाचे नूडल्स, घरी आल्यावर भूक नाही. त्यांनी दारातून बाहेर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी आमी पिकवतो त्यातलं ते काहीच खात न्हाई." जाताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गेले. मुलगा पुढे सुधारला. अशी प्रकरणं मला आवडायची, कारण घरात होतं ते ताटात आणायचं, एवढंच काम असायचं. सल्ला दिला आणि तो पाळता आला, असं फार थोड्या वेळा घडायचं.

कोमलची गोष्ट तशी नव्हती.

कोमल नववीत होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातली गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी ट्रकमध्ये बसून कोल्हापूर-सांगलीकडच्या, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुलं एकतर सोबत जातात, नाहीतर गावात कोणाच्या तरी भरवशावर राहतात. कोमल आणि तिची धाकटी बहीण पायल गावात राहिल्या होत्या. झोपायला शेजारी चुलतीकडे जायच्या, स्वयंपाक मात्र आपल्याच घरात कोमल करायची. चुलतीला स्वतःची चार होती.

त्या शाळेत मी तपासणीला गेले तेव्हा हिवाळा होता. मुलींची रांग व्हरांड्यात बसली होती. कोमलचं बोट टोचलं तर रक्ताचा थेंब फिका, पाणी मिसळल्यासारखा. यंत्रावर आकडा बाराच्या वर असायला हवा, तिचा आठाच्या आसपास घुटमळला. खालची पापणी ओढून पाहिली, ती पांढरी. मी तिला शेजारी बसवलं.

"काल उठल्यावर पहिल्यांदा काय खाल्लंस?"

"दूध, मॅडम. एक पेला. मग दोन पोळ्या आन् वरण. दुपारी पालेभाजी, भाकर, कोशिंबीर. चार वाजता पेरू. रात्री मोड आलेली मटकी, भात आन् दही."

ती एकदाही अडखळली नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणाही मुलाने असं जेवण सांगितलं नव्हतं. शिफारशींच्या ताटाशी ते तंतोतंत जुळत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. तिथे आहाराचा रंगीत तक्ता होता. मीच तो गेल्या वर्षी त्या शाळेला दिला होता. वरून खाली, त्याच क्रमाने, ती तो वाचत होती. वाचतही नसावी, पाठच होता.

मी तिला तिथे खोटं पाडलं नाही. मागे रांगेत वर्गातल्या मुली बसल्या होत्या. फक्त एवढंच विचारलं, "पेरू कुठून आणला?"

"रानातून," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या आठवड्याच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी तिच्या घरी गेले. सोबत गावातली आशा कार्यकर्ती संगीताताई होती. घरोघरी जाऊन बाळंतिणींची, लहान मुलांची चौकशी करणारी ही बाई. गावातलं एकही घर तिला अनोळखी नव्हतं. कोमल दारातच भांडी घासत होती. आम्हाला बघून उठली आणि हात पुसायचं विसरून तशीच उभी राहिली.

चुलीपाशी पत्र्याचा डबा होता, त्यात रेशनचे तांदूळ. एका पातेल्यात हळद-तिखट टाकून केलेला पिवळा भात, तोही संध्याकाळसाठी निम्मा राखलेला. चटणीची बरणी. कांदे. चहाची पावडर. कोपऱ्यात दुकानातल्या चटपटीत पाकिटांची रिकामी वेष्टनं एका दोऱ्यात ओवून पायलने तोरण केलं होतं. दिसायला ते छान दिसत होतं.

मी खाली बसले. पुन्हा विचारायची गरज नव्हती, पण विचारलं. आता तिने सांगितलं. सकाळी काळा चहा आणि बुडवायला टोस्ट. दुपारी एखादं पाकीट, कधी तेही नाही. संध्याकाळी भात, नाहीतर भाकर आणि चटणी. डाळ संपली होती. भाजी बाजाराच्या दिवशी आणली तर दोन दिवस पुरायची.

"पायल शाळंत खिचडी खाती," ती म्हणाली. "तिचं बरं हाय."

ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून सांगते. शाळेत दुपारचं शिजवलेलं जेवण मिळतं ते आठवीपर्यंत. पायल सहावीत, तिला मिळायचं. कोमल नववीत गेली आणि तिचं बंद झालं. मुलींना ज्या वयात पाळी सुरू होऊन अंगातलं लोह कमी पडायला लागतं, वाढीची ओढ असते, शिफारशींत ज्या वयाचं ताट सगळ्यात भरलेलं दाखवलं आहे, नेमकं त्याच वयात शाळेतलं ताट काढून घेतलं जातं. एकाच पटांगणात एक बहीण खिचडी खायची आणि दुसरी हापशावर पाणी पिऊन वर्गात परत जायची.

संगीताताईने विचारलं, "मग शाळंत खोटं कावून सांगितलंस गं?"

कोमलने आता ओले हात पुसले. मग म्हणाली, "खरं सांगितलं तर तुमी आईला फोन लावताल. आई म्हणंल, चल मग उसाच्या फडावर. मागल्या साली वर्गातल्या संध्याला तशीच नेली. ती परत शाळंत आलीच न्हाई."

"पण तू आजारी पडशील," मी म्हटलं.

"दहावीपर्यंत न्हाई पडणार," ती म्हणाली.

हे ती अगदी विचारपूर्वक म्हणाली, आधीच हिशेब करून ठेवलेला असावा तसं.  मी पिशवीतून लोहाच्या गोळ्या काढल्या, जेवण झाल्यावर घ्यायच्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत, शौचाचा रंग काळा झाला तर घाबरायचं नाही, हे सगळं समजावलं. ती मान हलवत होती. "जेवण झाल्यावर" हे शब्द मी म्हणाले तेव्हा संगीताताईने माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, महिनाभर गोळ्या देऊन बघू, नाही वाढलं तर आईवडिलांना कळवावंच लागेल. मी सोमवारी शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांपुढे विषय काढला. भला माणूस होता तो. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीतून शिजवायच्या शेडकडे पाहिलं.

"मॅडम, शिधा येतो तो आठवीपर्यंतच्या पोरांचा. नववीची एक बसली की वर्ग बसतो. त्यांची चूक हाय असं मी म्हणत न्हाई. पण कमी पडलं तर त्या लहान्यांच्या ताटातून जाणार. मी काय करू सांगा."

 मग तोच म्हणाला, "सगळ्यांचं होऊन काही उरलं, तर मी शेडकडं बघत न्हाई."

स्वयंपाक करणाऱ्या कासाबाईला एवढं पुरेसं होतं. ती रोज पातेल्याच्या बुडाची खरवड आणि दोन पळ्या खिचडी झाकून ठेवायला लागली. कोमल मधली सुट्टी संपता संपता शेडमागे जाऊन खायची. मला वाटलं, जमलं. पुढच्या भेटीत तिच्या चेहऱ्यावर जरा तुकतुकी दिसली, की मला दिसावीशी वाटली, कोण जाणे.

काही आठवडे गेले. एकदा गेले तेव्हा कासाबाई म्हणाली, "ती येत न्हाई आता. झाकून ठिवलेलं कुत्र्याला घालते."

कारण वर्गातल्या पोरींकडून कळलं. त्या तिला "सहावी ब" म्हणायला लागल्या होत्या. शेडमागून आली की, आली सहावी ब. त्यांच्यातल्या निम्म्या जणींचं रक्त तिच्यापेक्षा फारसं बरं नव्हतं आणि त्याही दुपारी उपाशीच असायच्या. पण त्या उघड्यावर उपाशी असायच्या, आणि कोमल लपून खायची. पंधराव्या वर्षी भूक सोसते, लाज सोसत नाही. हे मला माझ्या कुठल्याही प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं.

गोळ्याही बंद झाल्या होत्या. रिकाम्या पोटी घेतल्या की उलटी व्हायची. आणि पाळीत अंगावरून फार जात होतं, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला होती.

एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी ती रांगेत कोसळली. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या गाडीत घालून तिला आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तपासलं आणि रक्त चढवावं लागेल म्हणाले. आमच्याकडे रक्त साठवायची सोय नव्हती. तिला बीडला हलवलं. मी सोबत गेले. वाटेत ती शुद्धीवर होती. ती एवढंच म्हणाली, "आईला सांगू नका, मॅडम." मुख्याध्यापकांनी तोवर फोन लावलेला होता. लावायलाच हवा होता.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सुमनबाई तिचं नाव. कोल्हापूरकडच्या फडावरून निघून, मिळेल त्या वाहनाने मांजरसुंब्यापर्यंत आली, तिथून जीपने बीडला. साडीच्या काठाला उसाची कुसं चिकटलेली, हातांवर पानांनी कापल्याच्या बारीक रेघा. तिशी नुकतीच ओलांडली असेल, दिसत होती पन्नाशीची. लेकीच्या उशाशी बसली, तिच्या हाताला लावलेल्या नळीकडे बघत राहिली आणि कोणावरही ओरडली नाही. कोमलने भिंतीकडे तोंड केलं होतं.

नंतर व्हरांड्यात मी तिला बाजूला घेतलं आणि माझं काम केलं. पोरीला काय काय द्यायला हवं, का द्यायला हवं, किती द्यायला हवं, ते सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. एकदोनदा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली,

"मॅडम, इथं ठिवली तर पोरगी उपाशी. तिकडं नेली तर शाळा बुडती. तुमी शिकलेल्या हायेत. तुमीच सांगा, कुठं ठिऊ."

मी म्हटलं, एखाद्या वसतिगृहाचं बघू या. ती म्हणाली, बघितलं होतं, मोठ्या पोरींना तिथं घेत नाहीत. मी म्हटलं, चुलतीला सांगून बघू. ती म्हणाली, "तिच्या घरी चार हायेत. ती न्हाई म्हणणार न्हाई, पण घालणार कुठून."  व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक डबे सोडून जेवत होते. सुमनबाईने तोवर काही खाल्लेलं नव्हतं, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं.

"माझ्या डोळ्यांपुढं तरी राहील," शेवटी ती म्हणाली. "चुलीवरची गरम भाकर तरी मिळंल."

दोन-तीन दिवसांत घरी सोडल्यावर ती दोन्ही मुलींना घेऊन गेली. कोमल जाताना रडली नाही. दप्तर घेऊन चालली होती. आई म्हणाली, राहू दे, ट्रकमध्ये जागा नसते. तरी घेऊन गेली.

मी मनाशी धरून चालले होते की हे वाईटच होणार. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणं, उघड्यावर अंघोळ, दिवस उगवायच्या आधी फडावर. पण हंगाम संपून माणसं गावाकडे परतली आणि एके दिवशी कोमल आपणहून दवाखान्यात आली. मी ओळखलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल, पण क्षणभर बघत राहिले. गाल भरले होते. पापणी ओढून पाहिली, लालसर होती. यंत्रावर आकडा बाराच्या जवळ पोचला होता.

"काय खायचीस तिकडे?"

आता ती माझ्याकडे बघून सांगत होती. सकाळी फडावर जाताना भाकर आणि वांग्याचं नाहीतर घेवड्याचं कालवण. दुपारी तेच. शेतमालक कधी मेथीची जुडी द्यायचा, कधी कोबी. ओढ्यात वडील मासे धरायचे. ऊस तर हवा तेवढा. शेतमालकाच्या गोठ्यातून ताक मिळायचं. आईने गोळ्या रोज समोर बसवून, जेवण झाल्यावर दिल्या होत्या. पाळीचंही आईने विचारलं होतं, तिथल्या दवाखान्यात दाखवलं होतं. शिफारशींच्या ताटापर्यंत ती पोचली नव्हती, पण माझ्या शाळांमधल्या कितीतरी मुलींपेक्षा जवळ होती.

मी तिचे हात पाहिले. तळव्याला घट्टे पडले होते.

"तोडायला लागलीस?"

"आई मोळ्या बांधायची, मी उसाच्या शेंड्याची वाढं साळायची. नुसतं बसून कुठं खायचं." मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, सतरा नंबरचा अर्ज भरून घरूनच दहावी देता येती का? एक पोरगी सांगत होती तिकडं."

देता येते, मी म्हटलं. मुख्याध्यापकांना विचारते, अर्ज कधी सुटतात ते बघते, तुला कळवते. ती खूश झाली. तिने जुनं दप्तर जपून ठेवलं होतं. पायलला पुन्हा त्याच शाळेत घालणार होते.

त्याच महिन्यात आमची आढावा बैठक झाली. सुधारलेली उदाहरणं सांगायची असतात, मी कोमलचं सांगितलं. रक्त किती होतं, किती झालं. साहेबांनी कौतुक केलं, समुपदेशनाचा चांगला परिणाम म्हणाले. मी शाळा सुटल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, तो विषय शिक्षण खात्याचा. चुकीचं काही म्हणाले नाहीत. आमच्या तपासणीत रक्त मोजलं जायचं, शाळा नाही.

मुख्याध्यापकांनी अर्जाची सगळी माहिती काढून ठेवली. स्वतःची जुनी पुस्तकंही काढून ठेवली. मी निरोप घेऊन तिच्या गावात गेले, तेव्हा जून लागला होता. घराला कुलूप. शेजारी चुलती होती. तिने नजर चुकवली आणि आत गेली. संगीताताई मला कडेला घेऊन म्हणाली, "लग्न झालं तिचं. परळीकडं मामाच्या गावाला नेऊन लावलं. मला बी नंतरच कळलं. मागल्या साली एक स्थळ येऊन गेलतं, तवा पोरगी लई वाळलेली म्हणून न्हाई म्हणले. यंदा बघायला आले आन् पसंत पडली."

मी तिथे ओट्यावर बसले. पसंत का पडली, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जिथे कळवायला हवं तिथे कळवलं. लोक आले, चौकशी झाली. मुलीचं वय जास्त सांगितलं गेलं, मामाच्या गावातल्या माणसांनी तसंच सांगितलं, आणि मुलगी सासरी नांदते आहे, तिची तक्रार नाही, असं म्हणून ते गेले. मुख्याध्यापकांनी पुस्तकं पुन्हा कपाटात ठेवली. त्यांनी मला एवढंच विचारलं, "दुसरी कोणी हाय का वर्गात, अशी?" मी म्हटलं, आहेत.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या नोकरीच्या कराराची मुदत संपली. निरोपाला शाल-नारळ झालं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. तिला मी वाट्या दिल्या, विचारायची रीत सांगितली आणि भिंतीकडे पाठ करून बसवायचं मुलींना, एवढं एक आठवणीने सांगितलं. ती जरा गोंधळली, पण हो म्हणाली.

सुमनबाई मला पुन्हा भेटली ती माजलगावच्या बाजारात, दसऱ्याच्या आधी. ट्रक निघायचे दिवस जवळ आले होते आणि लोक मिरची, मीठ, पत्र्याच्या बादल्या घेत होते. तिनेच हाक मारली. मी थांबले. मला वाटलं ती तोंड चुकवेल, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता.

"कोमल कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाय. अंगानं बी चांगली हाय." मग माझ्या मनगटाला हात लावून, कौतुकाने सांगायची गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, "दोन ठिकाणं आलती, मॅडम. एक पोरगा शिकलेला होता, पण घरी काही न्हाई. दुसऱ्याच्या दारात म्हैस हाय. कोमलचे वडील म्हणले शिकलेला बघू. मीच आडून बसले. म्हणलं, दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलंय, ह्या पोरीला रोज दूध पायजे. जिथं दूध हाय तिथंच द्यायची."

तिने माझ्याकडे पाहिलं. बरोबर केलं ना, असं ती विचारत होती.

"देतात का तिला?" मी म्हटलं.

"आता नवी नवरी हाय. एकदम कसं मागंल," सुमनबाई म्हणाली. "पण देतील की. घरातच हाय म्हणल्यावर देतील."